निद्रिस्त व्हीनस ते ऑलिंपिया : चित्रकलेतील अनावृत देह

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



श्रवणबेळगोळच्या डोंगरावर गोमटेश्वराची ५७ फुटांची मूर्ती उभी आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस एकाच पाषाणातून कोरलेली ही मूर्ती संपूर्ण विवस्त्र आहे. तिच्या पायाशी, ती चावुंडरायाने करविली असे सांगणारे एक लहानसे मराठी वाक्य कोरलेले आहे. मराठीतील आद्य कोरीव वाक्य म्हणून ते आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केले. त्याच्या आद्यत्वाविषयी पुढे विद्वानांत वाद झाला, अक्षीचा शिलालेख पुढे आला, तो भाग निराळा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, आपल्या भाषेचे एक अगदी आरंभीचे वाक्य नग्न पुरुषदेहाच्या पायाशी लिहिलेले आहे आणि ते शिकविताना कोणा मास्तरांना संकोच वाटल्याचे ऐकिवात नाही. संकोच वाटण्याचे कारणच नव्हते. त्या देहाला एक नाव होते, दिगंबर. दिशा हेच ज्याचे वस्त्र, तो नागडा कसा असेल?

मराठी भाषेने या बाबतीत मोठा विवेक दाखविला आहे. उघडा, नागडा, नागवा, विवस्त्र, नग्न, अनावृत, दिगंबर हे सारे शब्द एकाच अवस्थेचे, परंतु एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘नागवणे’ म्हणजे लुटणे. ‘दिगंबर’ मात्र घरातल्या मुलाचे नाव ठेवता येते. इंग्रज कलासमीक्षक केनेथ क्लार्क यांनी १९५६ साली याच विषयावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्याच्या प्रारंभीच इंग्रजीतील ‘नेकेड’ व ‘न्यूड’ या दोन शब्दांतला भेद मांडला. पहिला शब्द कपडे हिरावले गेलेल्या, अवघडलेल्या देहाचा. दुसरा कलेने नव्याने घडविलेल्या, आत्मविश्वासाने उभ्या असलेल्या देहाचा. पुढे १९७२ साली जॉन बर्जर यांनी हा भेद उलटा करून दाखविला. त्यांच्या मते नागडा माणूस निदान स्वतःचा असतो. ‘न्यूड’ झालेली स्त्री मात्र पाहणाऱ्यासाठी मांडलेली वस्तू होते, तिची त्वचा हाच तिने घातलेला एक वेष ठरतो. हे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. युरोपच्या चित्रकलेत उघड्या देहाला वस्त्र नव्हते, पण नाव होते, आणि ते नाव वस्त्राचेच काम करीत होते. ते कसे पांघरले गेले आणि कसे गळून पडले, हा आजचा विषय.

या कथेचा आरंभ चित्रापाशी नाही, शिल्पापाशी आहे, कारण ग्रीकांची भित्तिचित्रे व फलकचित्रे जवळजवळ सारी नष्ट झाली. प्राक्झिटेलीज या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्रेमदेवता आफ्रोडायटीच्या दोन मूर्ती घडविल्या, एक सवस्त्र आणि एक विवस्त्र. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने सांगितलेली हकीकत अशी की, कॉस बेटाच्या लोकांनी मर्यादशील म्हणून पहिली घेतली; उरलेली दुसरी क्निडस नगराने विकत घेतली. मग लोक केवळ ती मूर्ती पाहण्यासाठी जहाजे करून क्निडसला येऊ लागले. निकोमेडीज राजाने त्या नगराचे सारे कर्ज फेडून देण्याच्या बोलीवर ती मागितली, पण नगराने कर्ज पत्करले आणि मूर्ती दिली नाही. मूळ मूर्ती आज उपलब्ध नाही, तिच्या रोमन प्रतिकृती आहेत. तीत देवी स्नानाला निघालेली असून तिने एक हात पुढे धरला आहे. स्नानाची सबब आणि पुढे धरलेला हात या दोन युक्त्यांवर पुढची दोन हजार वर्षे निघाली असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ख्रिस्ती मध्ययुगात देहाला पापाचे घर मानले गेले. नग्नता उरली ती आदम आणि ईव्ह यांच्यापुरती व नरकात होरपळणाऱ्या पाप्यांपुरती. फ्लॉरेन्समधील ब्रँकाची चॅपेलच्या भिंतीवर मासाच्चोने १४२५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत नंदनवनातून हाकलल्या जाणाऱ्या त्या आद्य दांपत्याचे चित्र काढले. आदमने दोन्ही हातांनी तोंड झाकले आहे; ईव्ह मान वर करून आक्रोश करते आहे आणि तिने एक हात छातीवर, दुसरा मांड्यांवर धरला आहे. लाज, भीती आणि शरमेने पोळलेला तो देह आहे. त्याच फ्लॉरेन्समध्ये सुमारे साठ वर्षांनी बॉटिचेलीने समुद्रातून शिंपल्यावर उभी राहून किनाऱ्याला येणारी व्हीनस रंगविली. तिचेही दोन हात जवळजवळ तसेच आहेत, एक छातीवर, एक खाली. हात तेच, पण तिकडे ती पतित स्त्री, इकडे ती देवता. फरक देहात नाही, नावात आहे. या दोन चित्रांचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. व्हीनसला कोणी पदर दिला नाही. मासाच्चोच्या आदम-ईव्हला मात्र सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणी भाविकाने पाने रंगवून दिली. ती पाने १९८० च्या दशकातील जीर्णोद्धारात पुसून काढण्यात आली. जे चित्र नग्नतेची लाज सांगण्यासाठीच काढले होते त्याचीच लोकांना लाज वाटली, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

आता व्हेनिसकडे वळू. १५१० च्या सुमारास जॉर्जोनेने एक चित्र आरंभिले. मोकळ्या माळरानावर एक स्त्री पहुडली आहे. एक हात डोक्याखाली, एक मांडीवर, डोळे मिटलेले. तिच्या अंगाची रेषा आणि मागच्या टेकड्यांची रेषा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. जणू भूमीच निजली आहे. १५१० सालीच प्लेगने जॉर्जोने तरुणपणी गेला. चित्रातील भूदृश्य आणि कामदेव टिशियनने पुरे केले असे १५२५ सालची एक नोंद सांगते. आज ते ड्रेस्डेनच्या संग्रहालयात ‘निद्रिस्त व्हीनस’ या नावाने आहे. पहुडलेल्या अनावृत स्त्रीचे मोठ्या आकाराचे चित्र युरोपात येथून रूढ झाले. तिच्या निद्रेचे महत्त्व मोठे आहे. निजलेल्या स्त्रीकडे पाहणाऱ्याला कोणी पकडत नाही.

टिशियनने अठ्ठावीस वर्षांनी, १५३८ साली, हीच मुद्रा पुन्हा घेतली. मात्र तिला माळावरून उचलून घरात आणले. पांढऱ्या चादरीच्या शय्येवर ती टेकली आहे, हातात गुलाब आहेत, पायाशी कुत्रे झोपले आहे. मागच्या दालनात दोन दासी पेटाऱ्यातून कपडे काढीत आहेत, म्हणजे थोड्या वेळाने ही नेसणार आहे. आणि तिचे डोळे उघडे आहेत. ती सरळ पाहणाऱ्याकडे पाहते आहे, ओळखीच्या माणसाकडे पाहावे तशी. हे चित्र घेणारा तरुण सरदार ग्वीदोबाल्दो देल्ला रोव्हेरे त्याच वर्षी उर्बिनोचा ड्यूक झाला. चित्र हाती पडावे म्हणून त्याने व्हेनिसमधील आपल्या माणसाला लिहिलेल्या पत्रात या स्त्रीचा उल्लेख ‘व्हीनस’ असा नाही. तो सरळ ‘नग्न स्त्री’ असा आहे. ‘व्हीनस’ हे नाव वासारीने आपल्या चरित्रग्रंथात तिला दिले आणि तेच चिकटले. आज उफित्सी संग्रहालयात ती ‘उर्बिनोची व्हीनस’ म्हणून विराजमान आहे. चित्रात देवत्वाची खूण म्हणावी असे फारसे काही नाही. ती कोणा नवपरिणित वधूसाठी उपदेशपर काढली की ती व्हेनिसची एखादी गणिका होती, यावर विद्वानांनी कपाटे भरतील इतके लिहिले आहे. ग्वीदोबाल्दोला तो प्रश्न पडलेला दिसत नाही.

एकीकडे राजवाड्यांच्या खासगी दालनांत अशा व्हीनस जमत होत्या, तर दुसरीकडे सार्वजनिक भिंतीवरच्या नग्न देहाची गत निराळी झाली. मायकेलअँजेलोने १५४१ साली सिस्टाइन चॅपेलमध्ये ‘अखेरचा न्याय’ पुरा केला. त्यात शेकडो आकृती आहेत आणि त्यांतील बहुतेक पुरुषदेह विवस्त्र होते, कारण न्यायाच्या दिवशी माणूस हुद्दा, पोशाख आणि मुकुट बाजूला ठेवून उभा राहणार, अशी त्यामागील भूमिका दिसते. पोपच्या दरबारातील बियाजो दा चेझेना या अधिकाऱ्याने हे चित्र प्रार्थनागृहाला नव्हे, स्नानगृहाला व गुत्त्याला शोभेल असे म्हटले. वासारी सांगतो की मायकेलअँजेलोने त्याचाच चेहरा नरकाचा न्यायाधीश मिनॉस याला दिला, गाढवाचे कान लावून. कलावंताशी वाद घालणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. परंतु शेवटी जय अधिकाऱ्यांचाच झाला. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रतिमांविषयी नियम केले आणि १५६४ च्या आरंभी या चित्रातील आक्षेपार्ह भाग झाकण्याचे ठरले. मायकेलअँजेलो त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला. झाकण्याचे काम त्याचाच स्नेही दानिएले दा व्होल्तेरा याच्याकडे आले आणि बिचाऱ्याला रोममध्ये ‘विजारवाला’ हे टोपणनाव कायमचे मिळाले. सेंट कॅथरीनची आकृती तर त्याने भिंतीचा गिलावा खरवडून नव्याने रंगविली, त्यामुळे मूळ आकृती परत मिळण्याजोगी राहिली नाही. १५४९ साली मार्चेल्लो व्हेनुस्तीने केलेली एक छोटी प्रत नेपल्सला आहे, तिच्यावरूनच मूळचे रूप कळते. १९९४ साली पुरा झालेल्या जीर्णोद्धारात नंतरच्या शतकांतील पुष्कळशी वस्त्रे काढली गेली. दानिएलेची मात्र ठेवली, कारण आता तीही इतिहासाचा भाग झाली होती.

देवतेच्या जोडीने बायबलमधील कथाही सबबीसाठी कामाला आल्या. सुझॅना स्नान करीत असता दोन वृद्ध पंच तिला चोरून पाहतात व धमकावतात, ही कथा सत्शील स्त्रीच्या गौरवाची. परंतु चित्रकारांनी तीतून बहुधा स्नान तेवढे उचलले. कित्येक चित्रांत सुझॅना आरसा पाहत बसलेली असते. या परंपरेत १६१० साली रोममध्ये आर्तेमीझिया जेंतिलेस्की या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने आपली सुझॅना रंगविली. तीत झाडी नाही, कारंजे नाही. थंड दगडी बाकावर बसलेली स्त्री अंग मुरडून, दोन्ही हात वर करून त्या दोघांना दूर लोटते आहे. ते भिंतीवरून तिच्यावर जवळजवळ कोसळलेले आहेत, एकाचे बोट ओठांवर आहे. देह तितकाच अनावृत आहे. तरीही हे चित्र पाहताना पाहणारा आपोआप आपली जागा तपासू लागतो, आपण भिंतीच्या कोणत्या बाजूला उभे आहोत म्हणून. चारशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणारी चित्रकर्ती होती, याची आठवण कलेतिहासाला अगदी अलीकडे झाली.

अशा स्त्रिया फार झाल्या नाहीत, आणि त्याचे कारण प्रतिभेचा अभाव हे नव्हे. युरोपातील कलाशाळांत जिवंत मॉडेल समोर ठेवून केलेला देहाभ्यास हा शिक्षणाचा कळस मानला जाई. तो केल्याशिवाय पौराणिक व ऐतिहासिक प्रसंगांची मोठी चित्रे काढता येत नसत, आणि ती काढल्याशिवाय मोठा चित्रकार म्हणवून घेता येत नसे. या वर्गात स्त्रियांना प्रवेश नव्हता. लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या १७६८ सालच्या संस्थापकांत अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. योहान झोफानीने त्या संस्थेच्या सदस्यांचे समूहचित्र काढले, त्यात सारे सदस्य मॉडेलभोवती जमले आहेत. त्या दोघी कोठे आहेत? भिंतीवर टांगलेल्या दोन व्यक्तिचित्रांच्या रूपाने. विवस्त्र मॉडेलच्या खोलीत त्यांना चित्रातदेखील उभे करता आले नाही. या संस्थेच्या विद्यार्थिनींना अंशतः वस्त्र ल्यालेल्या मॉडेलवरून अभ्यास करण्याची मुभा मिळाली ती १८९३ साली. अमेरिकन विदुषी लिंडा नॉखलिन यांनी १९७१ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात, थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत या प्रश्नाचे उत्तर शोधताना, याच बंद दाराकडे बोट दाखविले.

स्पेनमध्ये धर्मन्यायालयाचा धाक असल्यामुळे तेथे नग्नचित्रे फार थोडी. वेलाझ्केझने १६५० च्या आसपास पाठमोरी व्हीनस काढली. गोयाने १८०० च्या सुमारास ‘विवस्त्र माहा’ काढली, जिला कोणत्याही देवतेचे नाव नव्हते, आणि त्याबद्दल १८१५ साली त्याला धर्मन्यायालयाने जाब देण्यासाठी बोलाविले. वेलाझ्केझची व्हीनस पुढे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आली. १० मार्च १९१४ रोजी मेरी रिचर्डसन या मताधिकारवादी स्त्रीने खाटकाच्या सुरीने तिच्या पाठीवर वार केले. आदल्या दिवशी एमेलिन पँकहर्स्ट यांना झालेल्या अटकेचा तो निषेध होता. पुष्कळ वर्षांनी, १९५२ साली, तिने आणखी एक कारण सांगितले : पुरुष दिवसभर त्या चित्राकडे ज्या तऱ्हेने टक लावून पाहत असत ते तिला आवडले नव्हते. चित्र दुरुस्त झाले. कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही; कारण मात्र नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

आता एदुआर माने. नाव ऐकून हा चित्रकार सातारा-कोल्हापूरकडचा वाटावा, परंतु तो अस्सल पॅरिसकर. तरुणपणी फ्लॉरेन्सला जाऊन त्याने टिशियनच्या त्या उर्बिनोच्या व्हीनसची एक लहान नक्कल केली होती. १८६३ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात कबानेलची ‘व्हीनसचा जन्म’ गाजत होती. समुद्राच्या लाटेवर लोळणारी, डोळे अर्धवट मिटलेली, वर बालकामदेव उडताहेत अशी ती गुळगुळीत व्हीनस सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतली. तिच्यात झाकलेले काहीच नव्हते, पण ती देवता होती. त्याच वर्षी मानेने ‘ऑलिंपिया’ रंगविली आणि १८६५ सालच्या प्रदर्शनात मांडली.

टिशियनचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ‘ऑलिंपिया’ पाहावी. तीच शय्या, तोच टेकलेला देह. परंतु गुलाबांच्या जागी एका कृष्णवर्णीय दासीने आणलेला, कागदात गुंडाळलेला गुच्छ आहे, कोणा गिऱ्हाइकाने धाडलेला. झोपलेल्या इमानी कुत्र्याच्या जागी पाठ ताठ केलेले काळे मांजर आहे. गळ्यात काळी फीत, केसांत फूल, एका पायातून निसटलेली सपात. टिशियनच्या चित्रात हात सैलपणे विसावला होता. येथे तो घट्ट दाबलेला आहे. रंग सपाट आहेत, सावलीची मृदू उतरंड नाही. आणि ती नजर. जॉर्जोनेची स्त्री झोपली होती, टिशियनची जागी झाली होती, मानेची मात्र समोर आलेल्या माणसाला तोलते आहे. ‘ऑलिंपिया’ हे नाव त्या काळच्या पॅरिसमध्ये गणिकांत प्रचलित होते. म्हणजे चित्रकाराने नाव दिले, पण झाकणारे नाव दिले नाही, उघडे करणारे दिले.

प्रेक्षक चवताळले. या कातडीला प्रेताचा रंग आहे, असे समीक्षकांनी लिहिले; व्यंगचित्रे निघाली; चित्राला इजा होऊ नये म्हणून पहारेकरी ठेवावे लागले आणि अखेर ते एका दारावर इतके उंच टांगले गेले की नीट दिसूच नये. दोन वर्षांपूर्वी कबानेलच्या व्हीनसपुढे उभे राहून प्रसन्न होणारे लोक ते हेच. त्यांना नग्नता नवी नव्हती. नवे होते ते त्या स्त्रीचे पाहणे. तिला भेटावयास आलेला गृहस्थ म्हणजे आपणच, हे तिने भर प्रदर्शनात, कुटुंबासमवेत आलेल्या सभ्य माणसाला सांगून टाकले. कादंबरीकार झोलाने मानेची बाजू हिरिरीने मांडली. मानेच्या हयातीत हे चित्र कोणी घेतले नाही. तो १८८३ साली वारल्यावर त्याचा मित्र मोने याने वर्गणी गोळा करून, जवळजवळ वीस हजार फ्रँक जमवून, १८९० साली ते फ्रान्सच्या सरकारला दिले. ते लूव्रमध्ये टांगले जाण्यास १९०७ साल उजाडावे लागले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

ही सारी परंपरा भारतात आली ती कलाशाळांच्या वाटेने. आपल्या शिल्पांत आणि अजिंठ्याच्या भित्तींवर देह मोकळेपणाने आलेला आहे, परंतु मॉडेलला समोर बसवून तासन्‌तास त्याचे रेखाटन करणे ही पाश्चात्त्य शिस्त. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२० च्या सुमारास विवस्त्र मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग सुरू केला. पॅरिसमध्ये शिकलेल्या अमृता शेरगिलने १९३४ साली ताहिती स्त्रीच्या रूपात स्वतःचेच अर्धअनावृत चित्र काढले. गोगँने पाहिलेल्या त्या ताहिती स्त्रियांच्या जागी चित्रकर्ती स्वतः उभी राहिली आणि मॉडेल व कलावंत एकच झाले. गोव्यातील साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईत आपल्या नग्न आत्मचित्रामुळे अडचणीत आला आणि १९४९ सालीच लंडनला निघून गेला. १९५४ साली जहांगीर कलादालनात सव्वीस वर्षांच्या अकबर पदमसी यांचे पहिले एकल प्रदर्शन लागले. ‘प्रेमी’ मालिकेतील दोन चित्रे उतरविण्यास पोलिसांनी सांगितले. आक्षेप होता तो पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर असण्याला. पदमसींनी चित्रे उतरविण्यास नकार दिला, अटक पत्करली, खटला लढविला आणि जिंकला. वरच्या न्यायालयातही निकाल त्यांच्याच बाजूने कायम राहिला. त्यांच्या व सूझाच्या चित्रांचे भोग मात्र संपले नाहीत. परदेशातील लिलावांत घेतलेल्या या दोघांच्या सात कलाकृती मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने अश्लील म्हणून अडकवून ठेवल्या. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, नग्नता आणि अश्लीलता यांना नेहमीच समानार्थी धरता येत नाही असे बजावून, त्या सोडण्याचा आदेश दिला.

नावाचा महिमा किती, याचे आपल्याकडील सर्वांत बोचरे उदाहरण पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे. त्यांच्या एका रेखांकनात नग्न स्त्रीदेहाचा आणि भारताच्या नकाशाचा आकार एकमेकांत मिसळला होता. चित्राला त्यांनी शीर्षक दिले नव्हते. ते विकले गेल्यानंतर २००६ सालच्या एका लिलावाच्या जाहिरातीत त्याला ‘भारतमाता’ असे नाव पडले, अशी बाजू न्यायालयापुढे मांडण्यात आली. त्या नावासरशी वणवा पेटला. हुसेन यांनी क्षमायाचना केली, तरी फिर्यादी दाखल होत राहिल्या. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या, पण चित्रकार मायदेशी परतला नाही आणि जून २०११ मध्ये लंडनला निवर्तला. मातेची प्रतिमा विवस्त्र पाहून ज्यांचे मन दुखावले त्या सर्वांनाच खोटे ठरवणे योग्य होणार नाही. मातृदेवतेशी माणसाचे नाते व्हीनसशी असलेल्या नात्याहून निराळे असते. युरोपात देवतेच्या नावाने देह झाकला, येथे देवतेच्या नावाने तो पेटला. ते नाव चित्रकाराच्या हातचे नव्हते, इतके मात्र वाद घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी लक्षात घेतले.

या साऱ्या कथेत एका व्यक्तीचे नाव मात्र बहुधा राहूनच जाते, ते म्हणजे समोर बसलेल्या स्त्रीचे. व्हीनसचे नाव आहे, टिशियनचे आहे, ड्यूकचे आहे. थंडीवाऱ्यात, पाय बधिर होईतो न हलता बसणे हे कष्टाचे काम आहे आणि ते पोटासाठी केले जाते, ही गोष्ट चित्राच्या चौकटीबाहेर राहते. मुंबईच्या कलाशाळेत असे काम करणाऱ्या एका आईची कथा रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या मराठी चित्रपटाने सांगितली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील भारतीय विभागातून हा चित्रपट ऐनवेळी वगळण्यात आला. एप्रिल २०१८ मध्ये तो चित्रगृहांत आला तेव्हा मॉडेलच्या बाजूने हा विषय प्रथमच पाहणारे प्रेक्षक पुष्कळ होते.

‘ऑलिंपिया’मधील दोन्ही स्त्रियांचा मात्र माग लागला आहे. गुच्छ घेऊन आलेल्या दासीसाठी जी बसली तिचे नाव लोर. मानेच्या टिपणवहीत तिचा पत्ता आहे, व्हँतीमील रस्ता, अकरा क्रमांक, तिसरा मजला. तिचे आडनाव नाही. २०१९ साली ओर्से संग्रहालयाने कृष्णवर्णीय मॉडेलांविषयी प्रदर्शन भरविले तेव्हा त्या काळापुरते या चित्राचे नावच बदलून ‘लोर’ असे ठेवले होते.

आणि शय्येवरची ती व्हिक्तोरीन म्यूराँ. मानेच्या अनेक चित्रांत ती दिसते, गाणारी, बैलाशी झुंजणारी, आगगाडीच्या कठड्याशी पुस्तक घेऊन बसलेली. दारूच्या आहारी जाऊन ती लवकरच संपली, असे पुस्तकांत दीर्घकाळ छापले जात होते. वस्तुस्थिती निराळी आहे. ती चित्रकला शिकली. १८७६ साली सरकारी प्रदर्शनात तिचे आत्मचित्र स्वीकारले गेले. त्याच वर्षी मानेची चित्रे नाकारली गेली होती. १९०३ साली ती फ्रेंच कलावंतांच्या संस्थेची सदस्य झाली आणि पॅरिसजवळच्या कोलोंब गावात राहून, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, १९२७ साली वारली. तिची बहुतेक चित्रे हरवली. कोलोंबच्या लहानशा संग्रहालयात एक शिल्लक आहे. त्यात झावळ्यांच्या रविवारचा सण आहे आणि हातात झावळी धरलेली एक मुलगी एका बाजूला तोंड करून उभी आहे, अंगभर कपडे ल्यालेली, कोणाकडेही न पाहणारी.